‘मजूर मिळेनात’ या आक्षेपाबद्दल

महोदय,

सर्वांना दरमहा विनाअट ठराविक रक्कम देण्याच्या कल्पनेवर मी जे लिहिले, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपण निफाडचे द्राक्षबागायतदार आहात आणि आपले म्हणणे थोडक्यात असे की, लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये सुरू झाल्यापासूनच छाटणीला माणूस मिळेनासा झाला आहे; उद्या घरातल्या प्रत्येकाला पैसे मिळू लागले तर बागेत कोण येईल, आणि सरकार एवढा पैसा आणणार कुठून? द्यायचेच तर खऱ्या गरजूंना द्या, असेही आपण सुचवता.

पैशांचे आधी घेतो, कारण तिथे आपली बाजू भक्कम आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 11.24 कोटी होती. तेवढ्यांनाच दरमहा 1000 रुपये द्यायचे म्हटले तरी वर्षाला सुमारे 1 लाख 35 हजार कोटी लागतात, आणि 2024-25 च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा 5 लाख कोटींच्या आसपास धरलेली होती. केंद्राच्या 2016-17 च्या आर्थिक पाहणी अहवालाने माणशी वर्षाला 7620 रुपयांचा हिशेब मांडला, तोही एक चतुर्थांश लोकांना वगळून, तरी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 4.9 टक्के निघाला. अनुदानांना हात लावल्याखेरीज एवढी रक्कम उभी राहत नाही आणि त्यात खतांचे अनुदानही येते, हे मी मुळात स्पष्ट लिहायला हवे होते.

मजुरांबाबत मात्र मी सहमत नाही. 2011-12 मध्ये असंघटित महिला कामगारांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशातील आठ गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा आधी 200 आणि पुढे 300 रुपये, मुलांना त्याच्या निम्मे, असा प्रयोग केला. लोक घरी बसले नाहीत. काम वाढले, पण ते दुसऱ्याच्या शेतापेक्षा स्वतःच्या शेतावर. आपल्याला खुपेल ते नेमके हेच, हे मी जाणतो.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांकडून उतरणाऱ्या मजुरांच्या अनेक टोळ्यांचे पाहा. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आले की टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली जाते, आणि ऑक्टोबर छाटणीचा एकरी दर त्या उचलीबरोबरच ठरून जातो. पाच माणसांच्या घरात श्रावणात 5000 रुपये आले तर ते घर उचल घेणार नाही, आणि दर छाटणीच्या तोंडावर, बागायतदाराला घाई असताना ठरेल. ‘मजूर मिळत नाहीत’ या तक्रारीत ‘जुन्या दराला’ हे शब्द बहुधा गाळलेले असतात. दर वाढेल, आणि औषधे-मजुरीच्या खर्चाने आधीच वाकलेल्या लहान बागायतदाराला तो जड जाईल, हे मी नाकारत नाही. पण ती अडचण द्राक्षाच्या भावाची आहे, तिचा भार सुरगाण्याच्या उपाशी श्रावणावर का टाकावा?

आता गरजू निवडण्याविषयी. गेल्या हंगामात दिंडोरी तालुक्यात एका बाईंना त्यांचेच पैसे काढताना मी पाहिले. छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावून त्यांच्या बोटांची कातडी सोलली होती आणि यंत्र अंगठा घेत नव्हते. चार वेळा पदराला पुसून त्यांनी तो टेकवला, पाचव्यांदा दुसऱ्या हाताचा. शेवटी ‘पुढच्या आठवड्यात या’ असे उत्तर मिळाले. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. यादीत नाव असलेल्यांची ही कथा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालूनही यादीत न शिरलेल्यांचे काय होत असेल? चाळणी जितकी बारीक, तितका खरा गरजूच तिच्यात अडकतो, म्हणून मी ‘सर्वांना’ या शब्दावर अडून बसतो.

साऱ्या राज्याला परवडत नसेल तर पेठ आणि सुरगाणा या दोनच तालुक्यांत, तिथल्या शिक्षक-तलाठ्यांसकट सर्वांना, तीन वर्षे रक्कम द्यावी. 2011 ची लोकसंख्या दोन्ही मिळून सुमारे 3 लाख. माणशी 1000 रुपयांनी वर्षाचे 360 कोटी होतात. त्यानंतरच्या ऑक्टोबरात आपल्या बागेत टोळी आली की नाही आणि एकरी दर काय निघाला, हे आपणच कळवावे. दर दुपटीवर गेला आणि बागा तुटू लागल्या, तर मी माझे म्हणणे जाहीरपणे मागे घेईन.