सहस्रचंद्रदर्शनाला अण्णांना काय द्यायचं?

पुढच्या महिन्यात अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की हा सोहळा करतात. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त (२९.५३) धरले तर हिशोब ८० वर्षं आणि साधारण १० महिन्यांवर येतो. तारीख ठरली आणि आम्हा भावंडांच्या ग्रुपवर भेटीची चर्चा सुरू झाली. सोन्याची अंगठी, मोठा टीव्ही, रिक्लायनर, चांदीचं ताम्हण, अष्टविनायकाची सहल, सगळं सुचवून झालं. अण्णांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मला काही नको. सगळं आहे."

या पिढीच्या वडिलांना "काय हवंय?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालंय. आयुष्यभर त्यांना कोणी तो विचारलाच नाही, त्यामुळे त्याचं उत्तर देण्याची सवयही नाही. त्यापेक्षा त्यांनी गेल्या काही वर्षांत गुपचूप काय काय सोडलंय ते बघावं. पेपर वाचणं सोडलं असेल तर मोतीबिंदू बघा, नाहीतर खिडकीपाशी चांगला दिवा लावा. संध्याकाळचं फिरणं सोडलं असेल तर गुडघे आणि चपला बघा. पाहुण्यांकडे मुक्कामाला जाणं बंद झालं असेल, तर बहुतेक वेळा रात्री परक्या बाथरूमची भीती असते. ती ते बोलून दाखवणार नाहीत.

अण्णांनी भजन सोडलं होतं. विठ्ठल मंदिरातलं गुरुवारचं भजन, जिथे ते तरुणपणापासून टाळ घेऊन बसायचे. कारण विचारलं की म्हणायचे, बसवत नाही. घरी मात्र पाटावर तासभर मांडी घालून पोथी वाचतात. फोन वाजला की आईच्या हातात देतात. नातवंडं बोलत असली की हसून मान हलवतात आणि प्रश्न विचारला की भलतंच उत्तर देतात. माझ्या बहिणीने एका वाक्यात निकाल लावला, "अण्णांना ऐकू येत नाहीये, आणि भेट तीच द्यायची."

अण्णांचे कान नुसते वयाने गेलेले नाहीत. उभी हयात इचलकरंजीत मागावर गेली. या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला आणि पुढे गल्लीगल्लीत खडखडाट सुरू झाला. धोट्याचे माग ज्यांनी ऐकलेत त्यांना सांगायला नको. शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि ९० डेसिबल ही आपल्याकडच्या कारखान्यांसाठी आठ तासांची कमाल मर्यादा आहे. अण्णांची पाळी बारा तासांची. कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा नाही. शेडमध्ये माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून बोलायची. त्या आवाजात उभं राहून त्यांनी आम्हा तिघांना शिकवलं. म्हणून या भेटीला मी भेटही म्हणत नाही. त्यांचं जे आमच्यासाठी खर्च झालं, त्यातलं जमेल तेवढं परत करायचं, इतकंच.

आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, कारण कधी कधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढला की काम भागतं. मग ऑडिओलॉजिस्टकडे तपासणी झाली. बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज ऐकवतात आणि आलेख काढतात. अण्णांचा आलेख खालच्या पट्टीत बऱ्यापैकी होता, पण तीन-चार हजार हर्ट्झला एकदम कोसळलेला. मोठ्या आवाजाने खराब झालेल्या कानाची ही ओळखीची खूण. आतल्या कानातल्या संवेदनशील पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, त्यातही उंच पट्टीच्या आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात; स, श, च, त यांसारखी व्यंजनं वरच्या. त्यामुळे आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. "सात वाजता" म्हटलं की "आठ वाजता" ऐकू येतं. "ऐकू येतं, पण कळत नाही" असं म्हातारी माणसं म्हणतात ते अक्षरशः खरं असतं, आणि ओरडून बोलल्याने फक्त स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात.

म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे: ऑनलाइन मिळणारं स्वस्त यंत्र मागवून वाढदिवसाला हातात ठेवू नका. ते सगळेच आवाज सरसकट वाढवतं, पंख्याचा, मिक्सरचा, रस्त्यावरच्या हॉर्नचा. माणूस वैतागून ते कपाटात टाकतो आणि नंतर चांगलं यंत्रही लावायला तयार होत नाही. खरं श्रवणयंत्र त्या माणसाच्या आलेखाप्रमाणे बसवलेलं असतं, जिथे कमी आहे तिथेच वाढवतं. त्यामुळे ही भेट गुपचूप आणून देता येत नाही. वडिलांना सोबत न्यावं लागतं, पटवावं लागतं.

पटवणं सोपं नव्हतं. "आता किती दिवस राहिलेत, एवढे पैसे कशाला?" हे झालंच. पण खरी अडचण लोक काय म्हणतील ही होती. चाळिशीचा चष्मा लावताना ज्यांना काही वाटलं नाही, त्यांना कानामागचं यंत्र लाज वाटण्यासारखं वाटतं. शेवटी आम्ही भजनाचाच विषय काढला. पखवाज चांगला ऐकू येतो, पण बुवा कुठल्या चरणावर आहेत ते समजत नाही, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं.

खर्चाचं सांगते. एका कानाचं यंत्र काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत मिळतं. आम्ही मधलं घेतलं, पण दोन्ही कानांना, कारण आवाज कुठून येतोय हे आणि गर्दीतलं बोलणं वेगळं काढणं मेंदूला दोन कानांनीच जमतं. रात्री डबीत चार्ज होणारं घेतलं. ती एवढीशी बॅटरी ऐंशी वर्षांच्या बोटांनी बदलणं जिकिरीचं असतं. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात, त्यात श्रवणयंत्रही बसतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच्या कामासाठीच आहे. ३,००० पुरत नाहीत, हे मला माहीत आहे. चष्म्यासारखी श्रवणयंत्रंही सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला हवीत, आणि त्यासाठी आपण जाहीरपणे बोलायला हवं.

हा चैनीचा विषय नाही. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा सुधारता येण्यासारख्या १४ कारणांची यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, त्यात बहिरेपण आहे. पण मला त्याहून जवळचं कारण दिसतं. बोलणं समजेनासं झालेला माणूस भरल्या घरात एकटा पडतो. आणि "काय म्हणालीस?" असं त्याने विचारल्यावर "जाऊ दे, काही नाही" हे उत्तर मिळतं. म्हाताऱ्या माणसाला याहून जास्त दुखावणारं वाक्य आपल्या घरांत दुसरं नसेल.

यंत्र आम्ही सोहळ्याच्या बरंच आधी घेतलं, कारण त्याची सवय व्हायला आठवडे लागतात. सुरुवातीला भांड्यांचा आवाज कानात घुसायचा, स्वतःचाच आवाज परका वाटायचा. आधी फक्त घरात थोडा वेळ, मग टीव्हीसोबत, मग चार माणसांत, असं वाढवत नेलं. आई रोज सकाळी यंत्र पुसून देते. पावसाळ्यात ते ठेवायला कोरडी डबी घेतली आहे. टाळांचा आवाज बोचतो म्हटल्यावर ऑडिओलॉजिस्टनी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला. गेल्या गुरुवारी अण्णा मंदिरात जाऊन आले. पूर्ण समजलं नाही म्हणाले, पण पुढच्या गुरुवारी जाणार आहेत.

कार्यक्रमाला येणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना आम्ही कळवलंय की शाल, श्रीफळ, भेटवस्तू काही आणू नका. मंडपात लाउडस्पीकर नसेल. अण्णांशी बोलताना समोर, उजेडात बसा, एका वेळी एकानेच बोला, ओरडू नका, आणि त्यांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा.