फक्त लक्ष ठेवायला एक बाई

जळगाव असो, धुळे असो की शहादा, आजारी माणूस दवाखान्यातून घरी आला की तिसऱ्या दिवशी सगळ्या गणगोताच्या फोनवर एकच वाक्य फिरतं. “एखादी चांगली बाई बघा ना भाऊ. काम असं काही नाही, फक्त आप्पांवर लक्ष ठेवायचं.”

या वाक्यातल्या ‘फक्त’ला मी दंडवत घालतो. एवढासा शब्द, पण त्याच्या पोटात दर दोन तासांनी कूस बदलणं, दिवसाचे पाच-सहा डायपर, लघवीच्या पिशवीचं माप, चार वेळच्या गोळ्या, तिन्हीसांजेची किरकिर आणि ‘बसलीच आहेस तर’ सोलायचा पावशेर लसूण एवढा ऐवज मावतो. बाई चौथ्या दिवशी न सांगता गायब होते तेव्हा घरचे म्हणतात, आजकाल माणसंच मिळत नाहीत. माणूस मिळालं होतं. त्याला काम सांगितलं नव्हतं.

म्हणून बाई शोधण्याआधी कागद शोधा. आप्पा स्वतः उठून बसतात का? संडासला चालत जातात का? गिळता येतं का? नाकात नळी, लघवीची नळी, पाठीला जखम, इन्सुलिन, यातलं काय काय आहे? आणि वजन किती? वजन कोणीच सांगत नाही. मग ऐंशी किलोचे आप्पा आणि बेचाळीस किलोची मावशी अशी कुस्ती लागते, आणि पाठ दोघांचीही जाते. वर सरकवायला कमरेखाली आडवी दुमडलेली चादर घालून दोन बाजूंनी दोघांनी धरायचं असतं. दुसरं माणूस घरचं. ते मोबाइलवर असतं.

कागद भरला की कोण हवं ते कळतं. आपल्याकडे पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई ‘सिस्टर’ असते, पण अंघोळ, डायपर, जेवण, कूस बदलणं, पिशवी रिकामी करणं ही आया किंवा जीडीएचा म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलेल्या मदतनिसाची कामं. लघवीची नळी बदलणं, इंजेक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची. नर्सिंगमधला एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, आणि दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. रोज एक इंजेक्शन असेल तर नर्स त्यापुरती येऊन जाऊ शकते. त्या पाच मिनिटांसाठी बारा तासांची नर्स ठेवणं म्हणजे वरणाला फोडणी द्यायला आचारी बोलावणं.

आता मुलाखत. खान्देशातली मुलाखत ठरलेली. “कुठल्या तुम्ही? यावलच्या? यावलात कोणाकडच्या? अरे, मग आमच्या साडूंना ओळखत असाल!” साडू निघतात, चहा होतो, बाई पक्की होते. आप्पा आतल्या खोलीत आहेत हे मध्येच कोणाला तरी आठवतं.

त्यापेक्षा बाईंना म्हणा, आप्पांना पलंगावरून व्हीलचेअरवर बसवून दाखवा. आप्पांना लकवा झाला असेल तर जाणती बाई खुर्ची त्यांच्या धडक्या अंगाला लावते, दोन्ही ब्रेक लावते, पायपट्ट्या वर उचलते आणि मग कमरेला धरते. नवखी बाई लकव्याचा हात धरून ओढते. तो खांदा आधीच सैल असतो, एका हिसक्यात जागचा सरकू शकतो. दुसरा प्रश्न, माकडहाडावर लाल चट्टा दिसला तर काय कराल? “तेल लावून चोळून देईन” हे उत्तर फार मायेचं आहे आणि साफ चुकीचं. तिथली कातडी आतून दुखावलेली असते, चोळल्याने अजून फाटते. त्या जागेवरचा भार काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. मधोमध भोक असलेली गोल उशीही नको. ती भोकाभोवतीचा रक्तपुरवठा दाबते.

चट्ट्यांवरून बाजेचा विषय निघतो. “आप्पा जन्मभर बाजेवर झोपले, पलंग कशाला?” अहो, तेव्हा ते सकाळी उठून शेतात जायचे. बाज मध्ये झोळीसारखी बसते, त्या खड्ड्यात माणूस कुशीवर राहतच नाही. एअर बेडला म्हणजे हवेच्या गादीलाही खाली सपाट फळी लागते. त्या गादीचे फुगे आळीपाळीने भरतात आणि उतरतात, म्हणून तिचा पंप चोवीस तास चालू हवा. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे गेला की वीज नेमकी दुपारी जाते. तो पंप इन्व्हर्टरवर घ्या, वीज फार खात नाही. टीव्ही नंतर. हवा पुरेशी आहे का हे बघायचं तर गादीखालून आप्पांच्या बैठकीच्या जागी तळहात सरकवा. हात आणि आप्पा यांच्यात इंचभर फुगवटा लागला पाहिजे. आणि गादीवर एकच पातळ चादर. आमच्याकडे गादीवर मेणकापड, मेणकापडावर गोधडी, गोधडीवर आजीच्या हातची दुसरी गोधडी. खाली हजारोंची गादी इमानाने फुगत असते, वर आप्पांना पत्ता नसतो.

एअर बेड आला म्हणून कूस बदलणं सुटत नाही, हेही सांगून ठेवतो. शिवाय त्या उन्हात डायपर दिवसभर घट्ट बांधून ठेवला तर जांघा सोलवटतात. दुपारी तास-दोन तास खाली अंडरपॅड टाकून मोकळं ठेवा.

लकव्यानंतर गिळताना पाण्याने जास्त ठसका लागतो, दाटसर पेजेने कमी. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. मावशीला हे ठाऊक असतं. पण दुपारी चोपड्याचे मामा येतात, येताना शेवभाजी आणतात आणि म्हणतात, “एक घास खाऊ दे ना, जीव आहे त्याचा.” तुमच्या मामांना नाही म्हणायची मावशीची टाप नाही. ते तुम्हीच म्हणायचं, तेही मामा दारात चप्पल काढत असतानाच. नाकात नळी असेल तर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर, एका वेळी साधारण 200 मिलिलिटर किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच, आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायचं, आणि शेवटी 30 मिलिलिटर पाणी. पेज फडक्यातून गाळून. तुरीच्या डाळीचं एक टरफल नळी बंद पाडायला पुरतं. नळीतून थोडं भरीत द्यावं का, असं विचारणारे असतात.

आप्पांचं स्वतःचं मत कागदावर नसतं, ते तोंडावर असतं. “मी काय धाकला पोऱ्या शे का? माले बाई कसाले जोयजे?” त्यांचं चूक नाही. अनोळखी बाईने अंघोळ घालायची ही कल्पनाच त्यांना सोसत नाही. मिळत असेल तर सकाळच्या तासाभरासाठी ब्रदर म्हणजे पुरुष मदतनीस बघा, बाकी दिवस बाई. पहिले तीन दिवस घरचं एक माणूस खोलीत राहू द्या. आणि मावशी सव्वीस वर्षांची असली तरी मावशीच, हे आप्पांना समजावण्यात वेळ घालवू नका.

हिशेब पहिल्याच दिवशी, लिहून. महिना तीस दिवसांचा की सव्वीस, खाडा झाला तर किती कापायचे, उचल किती, ब्युरोची म्हणजे माणसं पुरवणाऱ्या संस्थेची बाई असेल तर बदली किती तासांत. आधारकार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी, तिचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर होतो. दागिने कपाटात ठेवा, संशय कोणाच्याच डोक्यावर नको. ‘चोवीस तासांची बाई’ म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. तिलाही सलग झोप लागते. आप्पा रात्री चारदा उठत असतील तर रात्रपाळीला वेगळं माणूस लागेल. हे गणित न पटणाऱ्याने स्वतः दोन रात्री करून बघावं.

वहीही ठेवा. वेळ, काय खाल्लं, लघवी किती, कोणत्या कुशीवर, बीपी. सलग अकरा दिवस बीपी 120/80 लिहिलेलं दिसलं तर आप्पांना शाबासकी देऊ नका, मशीनवरची धूळ बघा.

आणि ‘बसलीच आहेस तर’ हे शब्द घरातून हद्दपार करा. उन्हाळ्यात मावशीला गच्चीवर बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड वाळत घालायला पाठवतात. नेमक्या त्याच वेळी आप्पांना लघवीला लागते, कोणी नाही म्हणून ते एकटे उठतात, आणि मोडतो तो खुबा. म्हाताऱ्या हाडाचा खुबा बिबड्यांच्या भावात परवडत नाही.

राहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशातली बाई आखाजीला माहेरी जाणार म्हणजे जाणार, झोका बांधलेला असतो. कापूस वेचणीच्या दिवसांतही खाडे वाढतात. या तारखा महिनाभर आधी विचारा आणि निघण्याआधी तिच्याकडून सगळं शिकून घ्या. मग आप्पांचे तिघे मुलगे बसून रात्रपाळ्या वाटून घेतात. थोरला पहिल्या रात्रीचा मान घेतो, चार्जर घेतो, खुर्ची ओढतो आणि विचारतो, “फक्त लक्षच ठेवायचं ना?”