बाक दिलात, आता त्यावरून उठायचं कसं?

आज दादरच्या एका बागेत ‘ज्येष्ठांसाठी’ नव्या बाकांचं लोकार्पण झालं. फीत, शाल, श्रीफळ, सगळं साग्रसंगीत. बाकाला पाठच नाही, म्हणून पुढाऱ्याचं नाव बसायच्या जागेवरच कोरलंय. असो. सत्काराच्या आजोबांना फोटोपुरतं बसवलं. फोटो झाला, मंडळी चहाकडे वळली आणि आजोबांना उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं, वर “वय झालं आजोबा!”

वय नाही हो, बाक चुकलाय. सिमेंटचा भरीव ठोकळा, जेमतेम फूटभर उंच. उठताना माणूस आधी टाचा मागे घेतो, मग पुढे झुकतो, मग हातांनी रेटा देतो. खाली पोकळीच नसेल तर टाचा जाणार कुठे? बैठक 45 सेंटीमीटरच्या आसपास, खाली मोकळी जागा, पाठ, आणि बैठकीपासून वीसेक सेंटीमीटर वर दोन्ही बाजूंना हात. बस्स.

बरं, आजोबांना बागेत यायला रस्ता ओलांडावा लागतोच. सिग्नलचं गणित साधारण सेकंदाला 1.2 मीटर चालीने मांडतात. 15 मीटरच्या रस्त्याला साडेबारा सेकंद. सत्तरीपुढे चाल 0.8 वर आलेली असेल तर हिरवा माणूस मालवतो तेव्हा पाच मीटर बाकी असतात! फुटपाथही 15 सेंटीमीटरहून उंच नको, आणि तेवढ्या उंचीला उतार 1.8 मीटर लांब हवा. आपल्याकडे सोसायटीच्या गेटापाशी उतार नाही, घसरगुंडी असते.

मान्य, सरकारने काहीच केलं नाही असं नाही. 70 च्या पुढे आयुष्मानचं वर्षाला पाच लाखांचं कवच 2024 पासून आहे, 75 नंतर एसटी फुकट आहे. चांगलंच आहे. पण ते कवच अ‍ॅडमिट झाल्यावरचं. खुबा मोडल्यावर पाच लाख, आणि मोडू नये म्हणून?

उठवणाऱ्यांना आजोबा म्हणाले, “सॉरी हं, उगाच त्रास दिला.” माफी त्यांनी मागायची? राग विरघळतोच अशा वेळी, आणि मग दुप्पट येतो.

कारण पडणं टाळायचं काम स्वस्तात होतं. ‘आपला दवाखाना’त बीपी-शुगर बघतातच, तिथेच एक खुर्ची आणि घड्याळ ठेवा. हात छातीवर दुमडून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. सत्तरी नुकतीच ओलांडलेली बाई दहाच्या खाली किंवा पुरुष बाराच्या खाली आला, तर पडण्याचा धोका वाढलाय समजा. मग चष्मा तपासा, झोपेच्या गोळ्या तपासा, उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरतं का बघा. आणि मांड्यांचा नि तोलाचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा तरी. नुसतं शिवाजी पार्कला फेऱ्या मारून ती ताकद येत नाही, रोज चालणाऱ्यांनो, रागावू नका.

शौचालयाचं तर बोलायलाच नको. बाहेर सोय नाही म्हणून आज्या पाणी पीत नाहीत, लघवी वाढवणारी बीपीची गोळी त्या दिवशी गाळतात, नाहीतर घरातच बसतात. घरात बसलं की मांड्या आणखी आटतात.

तुमच्याकडे बाक किंवा फुटपाथचं काम निघालं की सिमेंट ओतायच्या आधी वॉर्ड ऑफिसला लेखी द्या: बैठकीची उंची, हात, खालची पोकळी, उताराची लांबी. आकड्यांत लिहा. ‘ज्येष्ठांना सोयीचे’ असं मोघम लिहिलंत तर कंत्राटदार पुन्हा ठोकळाच ओतेल.