कडक म्हणजे गंजमुक्त? पिस्तुलाच्या स्लाइडवरच्या फिनिशची गल्लत

परवान्याचं पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरत असतो, आणि पावसाळा तोंडावर आला की त्याला हमखास पुन्हा पालवी फुटते. त्यात स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, फिनिशची क्रमवारी लावलेली असते: वर डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा पातळ थर), मग टेनिफर, हार्ड क्रोम, सेराकोट आणि तळाला बिचारं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलाद रसायनाने निळं-काळं करणं. त्याखाली चार ठाम वाक्यं. फिनिश जितकं कडक तितका गंज लांब. स्टेनलेसच्या स्लाइडला काहीच लागत नाही. ग्लॉक पिस्तुलाचा काळा रंग घासला गेला की टेनिफर संपलं. आणि साल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या धुक्याच्या चाचणीत, १००० तास टिकलेल्या फिनिशकडे जन्मभर बघावं लागत नाही.

मी भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या धंद्यात आहे. आमच्याकडे पिस्तुलं येत नाहीत. क्रँकशाफ्ट, गिअर, पिस्टन रॉड येतात. पण स्लाइड काय नि शाफ्ट काय, पोलादाला आपण कोण आहोत हे ठाऊक नसतं. त्यामुळे हा मेसेज वाचला की हात शिवशिवतात.

टेनिफरपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच आहे. टेनिफर हा रंग नाही आणि वरून चढवलेला लेपही नाही. वितळलेल्या क्षारांच्या साधारण ५८० अंशांच्या बाथमध्ये पोलाद बुडवतात आणि त्यातला नायट्रोजन, थोडा कार्बन, पोलादाच्या अंगात मुरतो. अमेरिकेत याच कुळीच्या प्रक्रियेला मेलोनाइट म्हणतात, आमच्याकडचे जुने लोक टफ्ट्राइड. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक १७ स्वीकारलं आणि पुढे त्या पिस्तुलामुळे टेनिफर हे नाव जगभर झालं. प्रक्रिया मात्र वाहनांच्या कारखान्यांत त्याआधीपासून रुळलेली होती.

तुकडा कापून, बेकेलाइटमध्ये बसवून, पॉलिश करून त्यावर नायटल (अल्कोहोलमध्ये मिसळलेलं नायट्रिक ॲसिड) फिरवलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं की कडेला एक पांढरी पट्टी दिसते. आमच्या भाषेत व्हाइट लेयर. जाडी १० ते २० मायक्रॉन. गंजाला अडवते ती मुख्यतः हीच पट्टी. जुन्या ग्लॉकचा काळा रंग या पट्टीच्या वर, नंतर दिलेला असे. होल्स्टरमध्ये आत-बाहेर करून नळीच्या तोंडाजवळ करडं दिसायला लागलं, तर गेला तो रंग. टेनिफर जागेवर आहे. हां, कोणी हौसेने पॉलिश पेपर घेऊन ते करडं ‘चकाचक’ केलं, तर पांढरी पट्टीही उडते आणि मेसेजमधलं वाक्य खरं ठरतं. अशी हौस करणारे भेटतात.

आता कडकपणाकडे. जाहिरातीत टेनिफरसाठी ६४ एचआरसी असा आकडा असतो. रॉकवेल सी चाचणीत १५० किलोच्या भाराने हिऱ्याचं टोक धातूत दाबतात. ६४ आकडा यायचा तर खड्डा ०.०७२ मिलिमीटर, म्हणजे ७२ मायक्रॉन खोल हवा. पट्टी २० मायक्रॉनची! टोक ती पार करून खालच्या पोलादात जाऊन बसणार. म्हणून पातळ थर हलक्या भाराच्या मायक्रो-विकर्स चाचणीने मोजतात आणि तो आकडा रॉकवेलमध्ये बदलून छापतात. सेराकोटचं ‘९एच’ तर पेन्सिलीच्या मोजपट्टीवरचं. रंगाच्या थरावर वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ओढून बघायची ती चाचणी. विकर्स, रॉकवेल आणि पेन्सिल एका रांगेत उभे करून पहिला-दुसरा नंबर काढणं म्हणजे किलो, लिटर आणि फूट यांची बेरीज.

बरं, कडकपणा खरा मोजला तरी तो झीज सांगतो, गंज नाही. डीएलसी अतिशय कडक, विकर्सवर सहज १५०० च्या पुढे, पण जाडी दोन-चार मायक्रॉन. खालचं पोलाद मऊ असेल तर तो थर मऊ भातावर ठेवलेल्या पापडासारखा: पापड कडकच असतो, पण बोटाने दाबला की मोडतो. शिवाय अशा पातळ थरांत सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. थराला काही होत नाही, पाणी छिद्रातून खाली जातं. ग्लॉकने २०१७ च्या पाचव्या पिढीपासून डीएलसी जातीचं फिनिश घेतलं आणि ते चांगलंच आहे. पण अशा थराची निम्मी कमाई त्याच्याखाली काय केलंय त्यावर असते, आणि क्रमवारीत तो रकानाच नाही.

हार्ड क्रोमची गोष्ट त्याहून मासलेवाईक. त्यात बारीक भेगांचं जाळं असतंच, ते चुकलेलं काम नव्हे, प्लेटिंगचा स्वभाव आहे. कोकणातल्या छपरावरचा जस्ताचा पत्रा आठवा. त्याला ओरखडा गेला तर जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला सांभाळतं. क्रोम आणि निकेल उलटे. लोखंडापेक्षा ते ‘वरच्या जातीचे’, त्यामुळे ओल आत गेली की झिजायचं काम लोखंडाच्या वाट्याला येतं, तेही नेमक्या त्या छोट्याशा भेगेत. वरून झळाळी, आतून खड्डा. क्रोम केलेले पिस्टन रॉड असे पुळ्या आलेले पाहिलेत, आणि म्हणूनच त्या कामात आता बऱ्याच ठिकाणी नायट्रायडिंग (टेनिफरसारखाच पोलादात नायट्रोजन मुरवणं) करून ऑक्सिडाइझ केलेले रॉड आले.

याच्या उलट टोकाचं उदाहरण मेसेज लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलंय. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन १९११ए१ पिस्तुलांना पार्करायझिंग, म्हणजे फॉस्फेटचं फिनिश होतं. राखाडी आणि खरखरीत, कडकपणात कुणाच्या खिजगणतीत नाही. पण फॉस्फेट स्पंजासारखं तेल धरून ठेवतं, आणि काम ते तेल करतं. ब्ल्यूइंगचंही तेच, फक्त ते फारच पातळ, मायक्रॉन-दोन मायक्रॉन. भोसरीत त्याच्या भावंडाला ब्लॅकोडायझिंग म्हणतात. जुलैत ब्लॅकोडायझिंगचा माल तेलात न बुडवता रात्रभर ठेवला, तर सकाळी पोऱ्या तांबूस झालेला क्रेट घेऊन दारात उभा असतो. तेव्हा ब्ल्यूइंग तळाला हे मला मान्य. पण ते मऊ आहे म्हणून नव्हे, पातळ आहे आणि तेलावर जगतं म्हणून. आणि सेराकोट हार्ड क्रोमच्या खाली का? तो मुळात भट्टीत पकवलेला सिरॅमिक-पॉलिमरचा रंग, साधारण २५ मायक्रॉनचा. घासला जाईल, कोपऱ्यांवर उडेल, पण जिथे सलग आहे तिथे पाण्याला वाटच देत नाही. फक्त गंजाची क्रमवारी लावायची तर मी त्याला क्रोमच्या वर ठेवीन.

स्टेनलेसचा मुद्दा लवकर आटोपतो. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर एक अदृश्य थर बनतो, आणि घामातलं क्लोराइड नेमकं त्यालाच भोकं पाडतं. बंदुकांच्या भागांसाठी वापरलं जाणारं ४१६ स्टेनलेस मशीनवर सोपं जावं म्हणून त्यात गंधक घातलेलं असतं. त्या गंधकाच्या कणांपासून खड्डे सुरू होतात. सिग सावर स्टेनलेस स्लाइडवर नायट्रॉन नावाचं फिनिश चढवते, स्मिथ अँड वेसन एमअँडपीच्या स्टेनलेस स्लाइडवर आर्मोनाइट. काहीच लागत नसतं तर या कंपन्यांनी हा खर्च कशाला केला असता? एक गंमत आणखी: जास्त तापमानाला नायट्रायडिंग केलं की नायट्रोजन क्रोमियमला स्वतःकडे ओढून घेतो आणि त्या थरापुरतं स्टेनलेस तितकंसं स्टेनलेस राहत नाही. तिथेही कडकपणा वाढतो, गंजाचं मात्र वेगळं गणित मांडावं लागतं.

राहिले १००० तास. ही एएसटीएम बी११७ चाचणी १९३९ पासूनची: ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश, सतत धुकं. बॅच बिघडली का हे पकडायला उत्तम, आम्हीही रोज वापरतो. पण तासांचे महिने करायचं कोष्टक नाही. खऱ्या आयुष्यात भिजणं, सुकणं, पुन्हा भिजणं असतं. घाम असतो, घासणं असतं. चेंबरमध्ये बहुधा सपाट पट्टी टांगतात, तिला ना बोटांच्या पकडीचे खाचे, ना साइट बसवायची खोबण. गंज मात्र तिथूनच सुरू होतो.

गेल्या ऑगस्टमध्ये ओळखीतल्या एकाचा फोन आला. स्लाइडवर तांबडे ठिपके आलेत, तुमच्या भट्टीत नायट्रायडिंग करून द्याल का? नाही म्हटलं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती परवाना असलेल्यानेच करायची, आमच्याकडे तो नाही. शिवाय ५८० अंशांत घातल्यावर त्या पोलादाचं मूळ टेंपरिंग, म्हणजे आधी तापवून आणलेला कडकपणा, टिकेल का, हे त्याची जात कळल्याशिवाय कोण सांगणार? सहज विचारलं, ठेवता कुठे? म्हणाले, कपाटात, चामड्याच्या होल्स्टरमध्ये. कधीपासून? जूनपासून.

म्हटलं, आधी ते चामड्यातून बाहेर काढा, पुसा, तेल लावा, आणि मग तुमच्या गनस्मिथला फोन करा.