रेल्वेआधी ठाण्यात म्हणे फक्त मिठागरं होती

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, परवा तिसऱ्यांदा आला. म्हणणं काय तर १८५३ ला गाडी आली म्हणून ठाणं झालं, आधी नुसती मिठागरं, स्टेशन ते तलावपाळी बघण्यासारखं काही नाही, मॉल आले आणि तिथला बाजार मेला, आणि वर पार्किंगही मिळत नाही. आता जरा एकेक घेऊ.

गाडी १६ एप्रिल १८५३ लाच आली, बोरीबंदरहून, ३४ किलोमीटर, मान्य. पण देशातली पहिली पॅसेंजर गाडी कोणी मिठागरात नेऊन उभी करेल का राव? शिलाहार राजांच्या ताम्रपटांत श्रीस्थानक म्हणून येतं ते हेच गाव, हजार वर्षं झाली त्याला. खाडीकाठचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांकडे आला, १७७४ ला इंग्रजांनी घेतला. कुठंय तो किल्ला विचारू नका, सेंट्रल जेल बघितलंय ना, तोच. आणि त्याच किल्ल्यातून १८१६ ला पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून पळाले. गोष्ट अशी सांगतात की पहाऱ्यावर सगळे गोरे, खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणायचा, पळायचा अख्खा प्लॅन त्या गाण्यात आणि गोऱ्यांना ढिम्म कळलं नाही. मराठी न शिकण्याचे तोटे, दुसरं काय! तुमची गाडी यायला तेव्हा अजून ३७ वर्षं होती.

बघण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्याने फोटोखाली 'तलावपाळी तलाव' लिहिलंय, तिथेच कळलं. तलावाचं नाव मासुंदा, पाळी म्हणजे त्याचा काठ. कौपिनेश्वराचं देऊळ, सेंट जॉन चर्च, १९७८ चं गडकरी रंगायतन (राम गणेश गडकरी, नितीन नाही, भाच्याला दोनदा सांगून झालंय), सगळं त्या तलावाच्या आसपास. तसंच टेंभीनाक्याकडे चालत गेलात की १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बेने इस्रायली लोकांचं, म्हणजे घरात मराठीच बोलणाऱ्या ज्यूंचं. देऊळ, चर्च, सिनेगॉग, रिक्षा पण लागत नाही. अजून काय आयफेल टॉवर पाहिजे?

बाजार मेला म्हणता, तर दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी जांभळीनाक्याला झेंडू आणायला जाऊन दाखवा, पिशवी डोक्यावर धरून परत याल. दिवाळी पहाटेला राममारुती रोडवर उभं राहायला जागा नसते, नटूनथटून आलेली ती पोरं काय मॉलचा रस्ता चुकलेली असतात का?

पार्किंग मिळत नाही हे मात्र शंभर टक्के खरं, त्यावर आपलं भांडण नाही. फक्त मेलेल्या बाजारात पार्किंगला एवढी मारामारी कशाला होते, तेवढं ज्याने लिहिलंय त्यालाच विचारून सांगा.