बोल्टच्या तोंडावरचं रिंगण आणि ‘दोन ग्रेन कमी करा’

अमेरिकेत स्वतःची काडतुसं स्वतः भरणाऱ्या रायफलवाल्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. हल्ली तो इथल्या आपल्या मराठी नेमबाजांच्या व्हॉट्सॲप गटांतही येऊ लागलाय. गोषवारा असा: “बोल्टच्या तोंडावर खड्ड्यांचं रिंगण दिसलं की तुमची काडतुसं अतिदाबाची आहेत असं समजा. प्रायमर चपटा, बोल्ट जड, यांचाही अर्थ तोच. दारू दोन ग्रेन कमी करा आणि बोल्ट बदला. प्रायमर गोल दिसत असतील तर मात्र बिनधास्त राहा.” (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा पोलादी दांडा. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली टिकली, फायरिंग पिनच्या माराने ती पेटते आणि दारू पेटवते. ग्रेन हे दारूच्या वजनाचं छोटं माप.)

(भारतातल्या वाचकांसाठी: भारतात परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं गुन्हा आहे. स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ती रायफल .22 रिमफायरची. त्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो, त्यामुळे पुढचं काहीच तिला लागू नाही.)

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण जीव जाईल तो त्याच वाक्यामुळे. .308 विंचेस्टर या काडतुसाची साअ‍ॅमी या अमेरिकी मानक-संस्थेने ठरवलेली दाबमर्यादा 62,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .45-70 या काडतुसाची फक्त 28,000. दोन्हींत लार्ज रायफल प्रायमरच बसतो. जो प्रायमर .308 मध्ये साठ हजारांपर्यंत तग धरतो, तो .45-70 मध्ये चाळीस हजारांना कशाला चपटा होईल? 1873 च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डमध्ये कुणी असं काडतूस उडवलं, तर प्रायमर छान गोलच दिसेल, आणि त्या जुन्या रायफलवर मात्र तिच्या मर्यादेच्या कितीतरी वर ताण आलेला असेल. गोल प्रायमर पाहून निर्धास्त झालेल्या माणसाला ते कळणारही नाही. हे वाक्य पुढे पाठवणाऱ्यांनी कृपया थांबावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता रिंगणाकडे. माझ्या .308 च्या बोल्टवर दोन वर्षांपूर्वी असे खड्डे दिसले. घड्याळाच्या काट्यांनी सांगायचं तर दोन ते पाचच्या दरम्यान, टाचणीच्या टोकाएवढे सहा-सात ठिपके. मी घाबरलो, कारण माझी भरणी पुस्तकातल्या कमाल मापाच्या बरीच खाली होती. कॅलिपर लावला तर ठिपके साधारण 5.3 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसत होते. लार्ज प्रायमरचा व्यास तेवढाच. म्हणजे गॅस प्रायमरच्या कडेने बाहेर पडत होता आणि पोलाद कापत होता. मग त्या दिवशीच्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांच्या पितळी नळ्या, ट्रेमध्ये मांडल्या आणि भिंगातून एकेक पाहिली. चार पुंगळ्यांवर प्रायमरच्या कडेला स्वल्पविरामासारखा काजळीचा डाग होता. चारही एकाच जुन्या लॉटच्या, प्रत्येकी नऊ वेळा भरलेल्या. नवा प्रायमर बसवून पाहिला तर तो अंगठ्याच्या दाबाने आत गेला, हाताला काही विरोधच जाणवला नाही. प्रायमरचा कप्पा सैल झाला होता. पुंगळ्या बदलल्या आणि दारू तीच, तितकीच ठेवली. त्यानंतर एकही नवा खड्डा पडलेला नाही.

अतिदाबाने कप्पा लवकर सैल होतो, हे खरं. एक-दोन भरण्यांतच प्रायमर सैल बसू लागले तर दोष भरणीचाच धरा. पण नवव्या भरणीला झालेली ढिलाई ही पितळेची झीज असू शकते. दारू कमी करून ती थांबत नाही, गळती चालूच राहते आणि बोल्ट आणखी खात राहते.

खड्डे फायरिंग पिनच्या भोकाभोवती असतील तर गोष्ट अगदी वेगळी. तिथे प्रायमर मधोमध फुटलेला असतो. कारण दाब असू शकतो, तसंच पिनचं टोक टोकदार असणं, पिन प्रमाणाबाहेर पुढे येणं, भोक मोठं असणं किंवा प्रायमरची वाटी पातळ असणं हेही असू शकतं. स्मॉल रायफल प्रायमरमध्ये 0.020 इंच जाडीच्या वाट्या येतात आणि 0.025 इंचाच्याही, आणि .223 सारख्या 55,000 पीएसआयच्या काडतुसात हा फरक लगेच जाणवतो. अशा वेळी बोल्ट उघडून पिनच्या नळीत बघाच. प्रायमरमधून उडालेली मोहरीएवढी चकती तिथे अडकलेली सापडते, आणि ती पिनचा मार अडवते. हे दुखणं स्वतःच वाढत जातं: भोकाची कड झिजते, पुढचा प्रायमर त्यात अधिक घुसतो आणि अधिक सहज फुटतो. कडेचं बारीक रिंगण पुष्कळदा दिसायलाच वाईट असतं, भोकाची झीज मात्र दुरुस्त करूनच घ्यावी लागते.

तिसरा प्रकार गंजाचा. जुनी लष्करी काडतुसं उडवून नीट सफाई न करता रायफल ठेवली, तर क्लोरेटच्या प्रायमरचे क्षार दमट हवेत पोलाद खातात. ते खड्डे वर्तुळात बसत नाहीत, तोंडभर खरखरीत पसरलेले असतात. त्यांचा तुमच्या भरणीशी संबंध नाही.

चपट्या प्रायमरचंही तसंच. साइझिंग डाय (वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) जास्त खाली लावला की पुंगळीचा खांदा, म्हणजे ती अरुंद होते तो भाग, गरजेपेक्षा मागे जातो. गोळी सुटताना प्रायमर आधी मागे सरकतो, मग पुंगळी मागे येऊन त्याच्यावर आदळते आणि तो चपटा होतो. दाब अगदी बेताचा असला तरीही. इथे खरा धोका पुंगळी बुडापाशी तुटण्याचा. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून बुडाजवळ फिरवा. खाच लागली तर तो लॉट भंगारात.

जड बोल्टबद्दल एवढंच विचारतो: जड कुठे लागतो? उचलायला सुरुवातीपासून जड आणि पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) भोकाचा चकचकीत ठसा, शिवाय गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवरचा वेग पुस्तकातल्या कमाल वेगाच्या वर, हे तिन्ही असेल तर अतिदाबच, आणि त्या वेळी उरलेली काडतुसं खोलून टाकायला कचरू नका. (मॉझर 98 ला स्प्रिंगचा इजेक्टर नाही, तिथे हा ठसा शोधून मिळणार नाही.) हँडल पूर्ण वर आल्यावर ‘टक्’ असा अडथळा लागत असेल तर बहुधा पुंगळीचं बूड नीट साइझ झालेलं नाही. आणि रिकामी रायफलही जड चालत असेल तर लग्जवर, म्हणजे बोल्टला जागी अडकवणाऱ्या दात्यांवर, बघा. कोरड्या पोलादावर पोलाद घासून ओरखडे उठले असतील. तिथे ग्रीस हवं. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मात्र कोरडंच ठेवा. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

‘दोन ग्रेन’ हे माप कुठून आलं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. चाळीस ग्रेनच्या भरणीतून दोन ग्रेन म्हणजे पाच टक्के. एच110 सारख्या दारूची भरणी तीन टक्क्यांपेक्षा जास्त घटवू नका अशी स्पष्ट सूचना असते. भरणीच्या पुस्तकात किमान मापही छापलेलं असतं, ते वाचा.

आणि बोल्ट बदलणं. दुसरा बोल्ट मागवून नुसता सरकवायचा नसतो, कारण त्याने हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये टेकतं तिथपर्यंतचं अंतर, बदलतो. ते गेज नावाच्या मापाच्या ठोकळ्यांनी तपासतात. .308 ला गो गेज 1.630 इंच, नो-गो 1.634 आणि फील्ड 1.638. फील्ड गेजवर बोल्ट बंद झाला तर त्या रायफलमधून पुढची गोळी झाडू नका, गनस्मिथकडे न्या. माझा जुना बोल्ट गनस्मिथने तपासला, गेज लावलं आणि परत दिला. ते सहा-सात ठिपके अजून आहेत. दर वेळी सफाई करताना मी ते मोजतो.