खुलासा : डबा वितळत नाही, साप भाजतो

"सापाच्या प्लॅस्टिकच्या डब्याखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावली तर थर्मोस्टॅटची (तापमान ताब्यात ठेवणाऱ्या उपकरणाची) गरज नाही, डबा वितळत नाही, म्हणजे सापालाही धोका नाही," असा सल्ला सध्या साप पाळणाऱ्यांत फिरतोय. त्यातला अर्धाच भाग खरा. डब्याचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, वितळायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात, मॅट तिथवर जात नाही. पण बॉल पायथनला (पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर) डब्याच्या उबदार बाजूला ३१-३२ अंश पुरतात, आणि मोकाट सोडलेली मॅट त्याच्या बरीच पुढे जाते. चटका बसला की साप आपणहून सरकेल, या भरवशावर तर अजिबात राहू नका. बरेचदा तो तिथेच वेटोळं घालून पडून राहतो आणि पोटाखालचे खवले भाजून निघतात.

थर्मोस्टॅट हवाच. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि डबा यांच्या मध्ये चिकटवा. आत ठेवलात तर साप तो ढकलतो किंवा पाण्याचं भांडं त्यावर लवंडतो. प्रोबला गारच वाटतं, मॅट तापत राहते. मॅट तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली पुरे. उबेसाठीचा बल्ब मात्र प्लॅस्टिकच्या झाकणावर ठेवू नका, तिथे डबाही वितळेल.

(आणि हो, हे बॉल पायथनबद्दल. आपल्याकडचे नाग, धामण घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.)